विश्लेषण : कॅम्पसवर प्रिंट ‘फुकट’ मिळते, मग पैसे कोण भरतं?

सबमिशनच्या आदल्या दिवशी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात काय चित्र असतं, हे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. काउंटरवर पेनड्राइव्हची रांग, दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर एकामागून एक येणाऱ्या फाइल आणि ‘दादा, माझं आधी काढा ना’चा धोशा. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं ‘ब्लॅक बुक’ असेल तर प्रिंट, बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरांचं कव्हर असा खर्चाचा आकडा वाढतच जातो.

हाच विद्यार्थी पुढे एमएससाठी अमेरिकेत गेला की अनेक विद्यापीठांमध्ये त्याला वेगळाच प्रकार दिसतो. त्याच्या खात्यात सत्राच्या सुरुवातीला ठरावीक पानांचा कोटा जमा होतो. फाइल पाठवायची, ओळखपत्र मशीनला टेकवायचं आणि कागद घेऊन निघायचं. पैसे द्यायचे नाहीत.

ही सोय खरंच फुकट असते का? ती चालते कशी? तुमच्या फाइलचं पुढे काय होतं? आणि असं काही आपल्या कॉलेजांत करायचं ठरवलं, तर किती खर्च येईल? समजून घेऊ.

‘मोफत’चे तीन प्रकार

जगभरातल्या कॅम्पसवर मिळणारी मोफत प्रिंट साधारण तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार कोट्याचा. विद्यापीठ प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक पानं किंवा तेवढ्या रकमेचं क्रेडिट देतं. ते संपलं की पुढच्या प्रत्येक पानाचे पैसे लागतात. हा खर्च शिक्षण शुल्कात किंवा तंत्रज्ञान शुल्कात आधीच धरलेला असतो. म्हणजे प्रिंट काढताना पैसे द्यावे लागत नाहीत, पण प्रवेश घेतानाच ते दिलेले असतात.

दुसरा प्रकार विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या सेवेचा. तिसरा जाहिरातींवर चालणारा. या दोन प्रकारांची दोन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत. एक अमेरिकेतलं, दुसरं जपानमधलं.

बर्कली : प्रिंटर सांभाळणारेही विद्यार्थीच

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसवर ‘ओपन कम्प्युटिंग फॅसिलिटी’ नावाची संस्था आहे. ती १९८९ मध्ये सुरू झाली आणि आजही विद्यार्थी स्वयंसेवकच ती चालवतात. कॅम्पसवरच्या विद्यार्थी संघाच्या इमारतीत तिची कम्प्युटर लॅब आहे. बर्कलीच्या विद्यार्थ्याने तिथे खातं उघडायचं, लॅबमधल्या कम्प्युटरवर लॉगिन करायचं आणि प्रिंट द्यायची. पैसे लागत नाहीत, पण मर्यादा आहे. एका दिवसात ठरावीक पानं आणि एका सत्रात ठरावीक पानं.

दोन मर्यादा कशाला? फक्त सत्राची मर्यादा ठेवली तर परीक्षेच्या आठवड्यात सगळे एकदम तुटून पडतील आणि टोनर एका दुपारीच संपेल. फक्त रोजची मर्यादा ठेवली तर एखादा विद्यार्थी रोज येऊन पूर्ण पुस्तक हप्त्याहप्त्याने छापून नेईल. दोन्ही एकत्र ठेवल्या की पाच पानांचा निबंध घेऊन धावत आलेल्याला प्रिंट मिळण्याची शक्यता वाढते.

हा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअरही विद्यार्थ्यांनीच लिहिलेलं आहे. त्याच्या मुळाशी ‘कप्स’ नावाची प्रिंटिंग प्रणाली आहे. लिनक्स आणि मॅकवर प्रिंट देताना आतून हीच प्रणाली काम करत असते. बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी तिच्यावर आपला कोटा मोजणारा कोड बसवला. प्रिंटरकडे फाइल जाण्याआधी पानं मोजली जातात, शिल्लक पाहिली जाते आणि शिल्लक कमी असेल तर ते काम नाकारलं जातं. हा कोड इंटरनेटवर खुला आहे. कुणीही तो वाचू शकतं, आपल्या लॅबसाठी बदलू शकतं.

प्रिंटर आणि खुलं सॉफ्टवेअर यांचं नातं जुनं आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल केला होता. कागद अडकला की प्रिंटची वाट पाहणाऱ्यांच्या स्क्रीनवर संदेश जायचा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र मिळेना, त्यामुळे ही साधी सोयही करता येईना. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ते बदलण्याचं स्वातंत्र्य हवं, या त्यांच्या भूमिकेमागे हा अनुभव होता. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला.

जपान : कागदाची मागची बाजू विकली

जपानमध्ये २००६ मध्ये केओ विद्यापीठातून ‘तादाकॉपी’ नावाची सेवा सुरू झाली. जपानी भाषेत ‘तादा’ म्हणजे फुकट. जपानमध्ये एका झेरॉक्स प्रतीला साधारण १० येन पडतात. या सेवेत विद्यार्थ्याला शून्य येन पडायचे. अट एकच होती. कागदाच्या मागच्या बाजूला जाहिरात आधीच छापलेली असायची.

कल्पना विद्यार्थ्यांच्याच डोक्यातून आलेली होती आणि तिचं गणित सरळ होतं. कंपन्यांना विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचायचं असतं. रस्त्यात हातात दिलेलं पत्रक लगेच कचऱ्यात जातं. नोट्सची प्रत मात्र विद्यार्थी परीक्षेपर्यंत जपून ठेवतो आणि त्या नोट्सच्या पाठीवरची जाहिरातही आपोआप जपली जाते. नोकरभरती करणाऱ्या कंपन्यांना याहून चांगली जागा कुठे मिळणार?

यात विद्यार्थी पैसे देत नाही, पण कागदाची एक बाजू देतो. म्हणजे पाठपोट प्रिंट काढायची सोय त्याच्याकडून जाते. त्यामुळे अशा सेवेत ‘फुकट’ या शब्दाच्या आधी ‘कशाच्या बदल्यात’ हे विचारून घ्यावं.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं?

कोट्यावर चालणाऱ्या आधुनिक सेवांमध्ये प्रिंटचं बटण दाबलं की लगेच कागद बाहेर येत नाही. फाइल आधी विद्यापीठाच्या प्रिंट सर्व्हरवर जाते. सर्व्हर तीन गोष्टी पाहतो : फाइल कुणाची आहे, पानं किती आहेत आणि प्रिंट रंगीत आहे की काळी-पांढरी. त्यानंतर फाइल रांगेत थांबवून ठेवली जाते.

विद्यार्थी प्रिंटरजवळ येऊन ओळखपत्र टेकवतो किंवा पिन टाकतो, तेव्हाच प्रिंट निघते आणि कोटा वजा होतो. ठरावीक वेळेत कुणी आलंच नाही, तर फाइल रांगेतून काढून टाकली जाते. अनेक कॅम्पसवर सगळ्या प्रिंटरसाठी एकच रांग असते. त्यामुळे ग्रंथालयातला प्रिंटर बंद असेल, तर तीच प्रिंट वसतिगृहाजवळच्या प्रिंटरवर काढता येते.

या पद्धतीचे दोन फायदे आहेत. प्रिंट देऊन विसरून गेलेल्यांचे गठ्ठे ट्रेमध्ये पडून राहत नाहीत. शिवाय तुमची गुणपत्रिका किंवा व्हिसाचे कागद दुसऱ्या कुणाच्या हाती लागत नाहीत.

‘पान’ आणि ‘कागद’ यांत गल्लत नको

कोटा बहुतेक वेळा पानांचा असतो, कागदांचा नसतो. दहा पानांची फाइल पाठपोट छापली तर कागद पाच लागतात, पण अनेक ठिकाणी कोट्यातून दहा पानं वजा होतात. काही विद्यापीठं पाठपोट छपाईला सवलत देतात. हा नियम पहिल्याच दिवशी पाहून घेतलेला बरा.

लेक्चरच्या स्लाइड छापायच्या असतील तर एका पानावर दोन किंवा चार स्लाइड बसवता येतात. साठ स्लाइडची फाइल तशीच पाठवली तर साठ पानं जातील. चार-चार स्लाइड बसवल्या तर पंधरा पानांत काम भागेल. रंगीत प्रिंटला अनेकपट जास्त क्रेडिट लागू शकतं आणि काही प्रणालींत एखादी रंगीत लिंक किंवा छोटा लोगोही ते पान ‘रंगीत’ ठरवायला पुरतो. म्हणून प्रिंट देताना ‘ग्रेस्केल’ निवडावं.

भारतातून गेलेल्यांची हमखास फसगत

भारतात सगळीकडे ए-फोर कागद चालतो. त्याची मापं २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेत ‘लेटर’ आकार चालतो, म्हणजे साधारण २१६ बाय २७९ मिलिमीटर. लेटर कागद ए-फोरपेक्षा थोडा रुंद आहे, पण १८ मिलिमीटरने आखूड आहे. ए-फोरवर तयार केलेला बायोडेटा तिथे तसाच छापला तर खालची ओळ किंवा पान क्रमांक कापला जाऊ शकतो. काही प्रिंटर तर ‘ए-फोर कागद भरा’ असा संदेश दाखवून थांबून राहतात आणि मागची रांग खोळंबते. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ निवडणं हा यावरचा सोपा उपाय.

मराठी मजकूर छापणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. वर्डची फाइल दुसऱ्या कम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसेल, तर जोडाक्षरं आणि पानांची मांडणी बिघडू शकते. युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तर निव्वळ अगम्य चिन्हांसारखा दिसतो. आपल्याच कम्प्युटरवर पीडीएफ करून घेतली की सहसा फॉन्ट फाइलसोबतच जातो. त्यामुळे प्रिंट कुठेही काढा, फाइल पीडीएफच द्या.

तुमची फाइल कुणाकडे राहते?

प्रिंट फुकट असो वा विकत, हा प्रश्न विचारायलाच हवा. ऑफिसात किंवा ग्रंथालयात असणाऱ्या मोठ्या मल्टिफंक्शन मशीनमध्ये बऱ्याचदा हार्ड डिस्क असते. अमेरिकेतल्या सीबीएस न्यूजने २०१० मध्ये वापरलेली कॉपी मशीन विकत घेऊन त्यांच्या डिस्क तपासल्या, तेव्हा त्यांत लोकांच्या वैद्यकीय नोंदींसह अनेक खासगी कागद सापडले. त्यातल्या एका मशीनचा आधीचा वापर ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेने केला होता. या प्रकरणात २०१३ मध्ये संस्थेने १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरून तडजोड केली.

धोका सर्व्हरलाही असतो. कॅम्पसवर मोठ्या प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या पेपरकट या ऑस्ट्रेलियन सॉफ्टवेअरमध्ये २०२३ मध्ये गंभीर त्रुटी सापडली. धोक्याच्या १० पैकी ९.८ गुण मिळालेल्या या त्रुटीतून हल्लेखोरांना लॉगिन न करताच सर्व्हरचा ताबा घेता येत होता. कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती दिली. पण ती ज्यांनी बसवली नव्हती, त्यांच्या सर्व्हरवर एप्रिलमध्ये हल्ले सुरू झाले. मे महिन्यात एफबीआय आणि अमेरिकी सायबर सुरक्षा संस्थेने संयुक्त इशारा दिला. त्यात शिक्षण क्षेत्रावरच्या रॅन्समवेअर हल्ल्यांचा स्पष्ट उल्लेख होता.

आपल्याकडे सर्व्हरची गोष्ट दूरच राहिली. आपण आधार कार्ड, बँक पासबुक आणि जातीचा दाखला बिनदिक्कत दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. प्रिंट निघाली तरी फाइल त्या फोनमध्ये आणि त्या कम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहतेच. निदान दोन गोष्टी करता येतील. प्रिंट झाल्यावर आपल्यासमोर फाइल डिलीट करायला सांगायचं आणि जिथे चालत असेल तिथे ‘मास्क्ड आधार’ वापरायचं. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळणाऱ्या या प्रतीत आधार क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात.

आख्खं पुस्तक छापून घेता येतं का?

कोटा आहे म्हणून काहीही छापता येत नाही. कॉपीराइटचा कायदा मोफत प्रिंटलाही लागू होतो.

भारतात याचा कस दिल्ली विद्यापीठातल्या खटल्यात लागला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं एक झेरॉक्स दुकान अभ्यासक्रमात नेमलेल्या पुस्तकांतल्या प्रकरणांच्या प्रती एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा केला. दिल्ली उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो फेटाळला. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत कॉपीराइटचा भंग ठरत नाही, असं १९५७ च्या कायद्याचं कलम ५२(१)(आय) सांगतं. निकालाला त्याचा आधार होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिक्षणाच्या बाजूने या कलमाचा व्यापक अर्थ लावला. मात्र वाचन साहित्यात घेतलेला मजकूर शिकवण्यासाठी खरंच गरजेचा होता का, हे तपासायला प्रकरण परत पाठवलं. प्रकाशकांनी मार्च २०१७ मध्ये दावा मागे घेतला.

अमेरिकेत नेमकं उलटं झालं होतं. अशाच ‘कोर्सपॅक’ विकणाऱ्या किंकोज या कॉपी दुकानांच्या साखळीविरुद्ध १९९१ मध्ये आणि मिशिगनमधल्या एका दुकानाविरुद्ध १९९६ मध्ये निकाल प्रकाशकांच्या बाजूने लागले. त्यामुळे तिथे गेल्यावर ‘आमच्याकडे चालतं’ हा युक्तिवाद कामाला येत नाही. आणि आपल्याकडेही दिल्लीच्या निकालाचा अर्थ ‘कुठलंही पुस्तक पूर्ण छापा’ असा होत नाही. अभ्यासक्रम शिकण्याशी त्याचा संबंध असावा लागतो.

आपल्या कॉलेजात हे जमेल का?

आधी आजचा खर्च पाहू. समजा, ८० पानांच्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या चार प्रती काढायच्या आहेत आणि दर पानाला दोन रुपये आहे. नुसत्या छपाईचे ६४० रुपये झाले. बाइंडिंग वेगळं. गाइडने शेवटच्या क्षणी एक आकृती बदलायला सांगितली की पुन्हा दुकान गाठायचं. घरून महिन्याला मोजके पैसे येणाऱ्या वसतिगृहातल्या मुलासाठी हे पैसे म्हणजे काही दिवसांची मेस असते. छपाईचा खर्च परीक्षा शुल्काच्या पावतीवर दिसत नाही, म्हणून तो कुणी मोजत नाही इतकंच.

आता दुसरा हिशेब. एक हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज धरा आणि प्रत्येकाला एका सत्रात १०० पानांचा कोटा द्या. एक लाख पानं झाली. पाठपोट छापली तर ५० हजार कागद, म्हणजे ५०० कागदांची १०० रिम. ए-फोरचा ८० जीएसएमचा एक कागद पाच ग्रॅमचा असतो, म्हणजे एकूण २५० किलो कागद. कागद, टोनर आणि देखभाल मिळून पानाला एक रुपया धरला, तर सत्राचा खर्च एक लाख रुपये येतो. विद्यार्थ्यामागे १०० रुपये.

आकडा फार मोठा नाही. खरी अडचण वेगळी आहे. हे १०० रुपये सरसकट शुल्कात घेतले तर वीस पानं छापणारा विद्यार्थी दोनशे पानं छापणाऱ्याचा भार उचलेल. म्हणूनच कोट्याशिवाय मोफत सेवा टिकत नाही आणि कोटा मोजणाऱ्या यंत्रणेशिवाय त्या कोट्याला अर्थ नाही. ही यंत्रणा उभी करणं हे कम्प्युटर शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी चांगलं प्रोजेक्टही ठरू शकतं. बर्कलीचं उदाहरण समोर आहे आणि कप्ससारखी सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध आहेत.

त्याआधी कॉलेजांनी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. ही सगळी पानं छापणं गरजेचं आहे का? करोनाकाळात सबमिशन ऑनलाइन चालत होती. रिपोर्टच्या चार प्रतींऐवजी एक छापील प्रत आणि बाकी पीडीएफ चालणार असतील, तर वरच्या उदाहरणातले ६४० रुपये १६० वर येतात. त्यासाठी प्रिंटर लागत नाही. विभागप्रमुखांची सूचना फलकावर लागली की झालं.

प्रिंट देण्याआधी हे तपासा

• कोटा पानांचा आहे की पैशांचा, पाठपोटला सवलत आहे का आणि रोजची वेगळी मर्यादा आहे का, हे आधी पाहा.

• फाइल पीडीएफमध्येच द्या. कागदाचा आकार तपासा आणि गरज नसेल तर ‘ग्रेस्केल’ निवडा.

• मोठी फाइल असेल तर आधी एकच पान छापून पाहा. चुकलेली प्रिंटही कोट्यातूनच वजा होते.

• मशीनमध्ये कागद अडकून प्रिंट अर्धवट निघाली, तर अनेक विद्यापीठं मदत केंद्रात कळवल्यावर ती पानं कोट्यात परत देतात. खराब प्रिंट टाकून देऊ नका, सोबत न्या.

• सार्वजनिक कम्प्युटरवर काम झालं की फाइल डिलीट करा आणि लॉगआउट करायला विसरू नका.

• अनेक ठिकाणी उरलेला कोटा पुढच्या सत्रात जात नाही. त्याचे पैसे तुमच्या शुल्कातून आधीच गेलेले असतात, त्यामुळे महत्त्वाच्या नोट्सची छपाई सत्र संपायच्या आत उरकून घ्या.